इंजिनाची नाडी पाहणारी चिप

घाटातल्या चढावर गाडी अचानक बंद पडते. टाकीत पेट्रोल असते, बॅटरी ठणठणीत असते, सेल्फ मारला तर इंजिन फिरतेही. पण काही केल्या पेट घेत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की तीच गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. ही कथा ऐकल्यावर अनुभवी मेकॅनिक फार तपास न करता क्रँक सेन्सरवर बोट ठेवतो आणि बरेचदा त्याचा अंदाज खरा निघतो. या सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. उष्णतेने ती तार कुठे तरी सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकते. मात्र नवा सेन्सर टाकून, वायरिंग तपासूनही दुखणे कायम राहिले, तर संशयाची सुई आणखी आत, संगणकाच्या पेटीतील एका लहानशा चिपकडे वळते.

सेन्सरकडून येणारा ओबडधोबड विद्युतसंकेत स्वच्छ करून संगणकाला समजेल अशा स्वरूपात देणे, एवढेच या चिपचे काम. अभियंते तिला सिग्नल कंडिशनिंग चिप म्हणतात. ग्राहकाला ती कधी दिसत नाही आणि गाडीच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नसतो. पण तिच्या निवडीत गफलत झाली, तर बाकी सारे उत्तम असूनही इंजिन मिस मारते किंवा थंडीच्या सकाळी सुरूच होत नाही. वाहन कंपन्यांमध्ये ही निवड तज्ज्ञांचा ताफा करतो. मात्र जुन्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन बसवणारे हौशी, जनित्रांचे नियंत्रक तयार करणारे लघुउद्योजक आणि स्पर्धेसाठी गाडी बांधणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनाही ती करावी लागते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'क्रँक सेन्सरची चिप द्या' असे म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही. योग्य चिप कोणती, हे समोरचे इंजिन ठरवते.

संगणकाला इंजिन दिसत नाही

गॅरेजमध्ये ज्याला ईसीयू म्हणतात, त्या संगणकाला पिस्टन वर आहे की खाली, हे दिसण्याचा काहीच मार्ग नसतो. क्रँकशाफ्ट या क्षणी नेमका कोणत्या कोनात आहे, हे त्याला या सेन्सरकडून कळते आणि त्यावरून इंधन कधी फवारायचे व ठिणगी कधी टाकायची याचा तो हिशेब करतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला सुमारे २८ मायक्रोसेकंद पुरतात. ठिणगी काही अंश लवकर पडली तर इंजिन ठोके देऊ लागते. उशिरा पडली तर ताकद घटते आणि पेट्रोल वाया जाते. सुरू होतानाच चुकीच्या वेळी पडली, तर किक उलटी बसते आणि चालवणाऱ्याच्या पायाला इजा होऊ शकते.

प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करीत असत. ते घासणे आणि त्यांच्यातले अंतर जुळवणे हा मेकॅनिकच्या हातखंड्याचा विषय होता. १९७९ मध्ये बॉश कंपनीची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय या मोटारीत आली. तिने ठिणगी आणि इंधन हे दोन्ही कारभार एकाच संगणकाच्या हाती दिले. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतांश दुचाकींमधून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्यामुळे एके काळी महागड्या मोटारीपुरता असलेला हा प्रश्न आता कामावर जाण्यासाठी घेतलेल्या मोटारसायकलच्या पोटातही आहे.

चुंबक, वेटोळे आणि लोखंडी दात

या कामासाठी सर्वाधिक काळ वापरात असलेला सेन्सर रचनेने अगदी साधा आहे. एक कायम चुंबक, त्याला लागून लोखंडाचा गाभा आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. त्याला दोनच वायरी असतात आणि बाहेरून वीज द्यावी लागत नाही. इंग्रजीतल्या नावाच्या आद्याक्षरांवरून अभियंते त्याला व्हीआर सेन्सर म्हणतात, तर दुचाकीचे मेकॅनिक पल्सर कॉइल किंवा पिकअप कॉइल म्हणतात. क्रँकशाफ्टवर बसवलेल्या चाकाचे लोखंडी दात त्याच्यासमोरून, साधारण एक मिलिमीटर अंतरावरून, सरकत जातात. दात जवळ आला की चुंबकीय प्रवाह वाढतो, दूर गेला की घटतो आणि या बदलामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेलाच हा नियम.

अनेक मोटारींमध्ये या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. काही ठिकाणी ३६ मधला एक गाळलेला असतो. दात मोजत जायचे आणि रिकामी जागा आली की नव्या फेरीची गणती सुरू करायची, ही त्यामागची कल्पना. एक दात मोजायचा राहिला किंवा नसलेला दात मोजला गेला, तर पूर्ण फेरीचा हिशेब बिघडतो. तसे झाल्यास संगणक पुढची रिकामी जागा येईपर्यंत ठिणगी थांबवून ठेवतो आणि चालकाला गाडीने एक हिसका दिल्याचे जाणवते.

अडचण अशी, की या सेन्सरमधून निघणाऱ्या विजेचा दाब वेगाच्या प्रमाणात बदलतो. समजा, सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरते आहे आणि सेन्सर अर्धा व्होल्ट देतो आहे. तर ६००० फेऱ्यांना तोच सेन्सर ढोबळमानाने १५ व्होल्ट देईल. काही सेन्सरच्या बाबतीत हा आकडा १०० व्होल्टच्याही वर जातो. संगणकाला हवी असते शून्य आणि पाच व्होल्ट यांच्यात उडी मारणारी स्वच्छ चौकोनी लहर. शिवाय सेन्सरच्या वायरी स्टार्टर मोटर, आल्टरनेटर आणि इग्निशन कॉइल यांच्या शेजारून जातात. त्यांचा विजेचा गोंगाट मूळ संकेतात मिसळतो. भरधाव वेगात हा गोंगाट सेल्फच्या वेळच्या खऱ्या संकेतापेक्षाही मोठा असू शकतो. चिपच्या निवडीतली मुख्य मेख हीच.

उंबरठा किती उंच?

गोंगाट वगळण्याचा सोपा उपाय म्हणजे एक उंबरठा ठरवणे. त्याच्यापेक्षा मोठी लहर आली तर तो दात, अन्यथा दुर्लक्ष. पण उंबरठा उंच ठेवला तर सेल्फच्या वेळचे दुबळे दात दिसणार नाहीत आणि खाली ठेवला तर वेगात गोंगाटही दात म्हणून मोजला जाईल. माणसाचा कान हा पेच सहज सोडवतो. वाचनालयात त्याला कुजबुजही ऐकू येते आणि विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशांच्या गजरात तीच कुजबुज त्याच्या लेखी नसते. चिपनेही असेच करावे, म्हणजे आताच होऊन गेलेल्या दाताची लहर किती उंच होती ते पाहून पुढच्या दातासाठी उंबरठा ठरवावा, ही कल्पना फार पूर्वीच रुजली. तिला अनुकूली उंबरठा म्हणता येईल.

एलएम १८१५ ही या जातीची जुनी आणि नावाजलेली चिप. ती मूळची नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. ही चिप लहरीच्या शिखराच्या सुमारे ८० टक्के उंचीवर उंबरठा ठेवते. मॅक्सिमची मॅक्स ९९२४ ते ९९२७ ही चिपमालिका २०२१ पासून ॲनालॉग डिव्हाइसेसच्या छत्राखाली आहे. ती हाच उंबरठा शिखराच्या एकतृतीयांशावर ठेवते. वरवर पाहता हा तपशिलातला फरक वाटतो. प्रत्यक्षात इंजिन सुरू होणार की नाही, हे त्यावर ठरू शकते.

एक सिलिंडरचे इंजिन घ्या. सेल्फ मारल्यावर ते एकसारख्या वेगाने फिरत नाही. पिस्टन वर जाऊन हवा दाबू लागला की क्रँकशाफ्ट मंदावतो, दाबाचा टप्पा पार झाला की पुन्हा पळतो. मंदावला की लहरींची उंचीही घटते आणि नेमकी तिथेच ठिणगी पडायची असते. आधीच्या दाताने एक व्होल्टची लहर दिली असेल, तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने पुढच्या दाताला ०.८ व्होल्टचा उंबरठा ओलांडावा लागेल. मंदावलेल्या क्रँकमुळे त्याची लहर ०.७ व्होल्टचीच निघाली, तर तो मोजला जाणार नाही. एकतृतीयांशाच्या हिशेबात उंबरठा ०.३३ व्होल्टवर असतो, म्हणून तोच दात सुखरूप पलीकडे जातो. चाक किंचित लंगडे फिरत असेल, म्हणजे त्याचा मध्य जरासा सरकलेला असेल, तरी हाच प्रसंग येतो. खालच्या उंबरठ्याची किंमत अर्थातच मोजावी लागते. गोंगाटाला आत शिरायला तिथे जास्त वाव असतो, म्हणून वायरिंग अधिक काटेकोर हवे.

यावरून मॅक्स मालिका सरसकट चांगली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तिच्यात एक पहारेकरी घड्याळ आहे. सुमारे ८५ मिलिसेकंद एकही दात आला नाही, तर इंजिन थांबले असे समजून ती उंबरठा सर्वांत खालच्या पातळीवर आणून ठेवते. साठ दातांच्या चाकाला हे घड्याळ आड येत नाही, कारण मिनिटाला ६० फेऱ्या इतक्या मरगळलेल्या वेगातही गाळलेल्या दातांची जागा ५० मिलिसेकंदांत पार होते. पण फेरीला एकच उंचवटा असलेले चाक घेतले, तर मिनिटाला सुमारे ७०० फेऱ्या होईपर्यंत दोन लहरींमधले अंतर ८५ मिलिसेकंदांहून अधिक राहते. म्हणजे सेल्फ किंवा किक मारताना, जेव्हा स्टार्टरचा गोंगाट ऐन भरात असतो, तेव्हाच उंबरठा प्रत्येक लहरीआधी जमिनीला टेकलेला असतो. मोजक्या उंचवट्यांच्या जुन्या मोटारसायकलला किंवा लहान जनित्राला एलएम १८१५ अधिक मानवते, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. तिथे शिखराची आठवण ठेवणारा कपॅसिटर चिपच्या बाहेर जोडलेला असतो.

एलएम १८१५ ची खोड वेगळी. प्रत्येक दातामागे ती ठरावीक रुंदीचा एकच स्पंद देते आणि ही रुंदी बाहेरच्या रेझिस्टर-कपॅसिटरवर ठरते. १०० मायक्रोसेकंदांची रुंदी ठेवली, तर ६० दातांच्या चाकावर ६००० फेऱ्यांना काही बिघडत नाही, कारण दोन दातांमध्ये १६७ मायक्रोसेकंद असतात. पण १०,००० फेऱ्या घेणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनात हे अंतर १०० मायक्रोसेकंदांवरच येते आणि स्पंद एकमेकांना चिकटतात. अशा वेळी चिपला बोल लावला जातो, वास्तविक दोन रुपयांचा रेझिस्टर बदलायचा असतो.

तिसरा पर्याय ऑनसेमीच्या एनसीव्ही ११२४ चा. एकाच चिपमध्ये दोन सेन्सरची सोय असल्याने क्रँक आणि कॅम हे दोन्ही संकेत ती सांभाळू शकते. तिचा उंबरठा मात्र आपोआप बदलत नाही. तो रेझिस्टर लावून आपणच ठरवायचा असतो. त्यामुळे सेल्फचा दुबळा संकेत आणि वेगातला गोंगाट यांच्यातली तडजोड पुन्हा आपल्या गळ्यात पडते. तिची जमेची बाजू म्हणजे सेन्सरची वायर तुटली आहे का, हे तपासण्याची अंगभूत सोय. बीएस-६ च्या काळात गाडीने स्वतःचे दुखणे स्वतः ओळखून डॅशबोर्डवरचा दिवा लावणे अपेक्षित असते आणि क्रँक सेन्सरच्या सर्किटसाठी पी ०३३५ हा दोष-संकेतांक ठरलेला आहे. संकेत का येत नाही, इंजिन थांबले म्हणून की वायर तुटली म्हणून, हे सांगू शकणारी चिप तिथे उपयोगी पडते.

लहर शून्य कधी होते?

उंबरठा कळीचा असला, तरी वेळ मोजण्यासाठी तो वापरत नाहीत. दात सेन्सरच्या बरोबर समोर येतो, त्या क्षणी चुंबकीय प्रवाह सर्वाधिक असतो, म्हणजे तो वाढतही नसतो आणि घटतही नसतो. त्यामुळे वेटोळ्यातला दाब तिथे शून्य होतो. शिखराची उंची वेगाबरोबर कितीही बदलली, तरी हा शून्याचा क्षण दाताच्या मध्याला धरून राहतो. चांगली चिप उंबरठा ओलांडला गेला की फक्त सावध होते आणि लहर शून्यातून खाली जाताना निशाण फडकवते.

म्हणूनच सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल चालत नाही. वायरी उलट जोडल्या की लहर उलटी होते आणि चिप दाताच्या मध्याऐवजी दोन दातांमधल्या खाचेचा मध्य पकडू लागते. एरवी त्याने ठरावीक कोनाचा फरक पडला असता. पण गाळलेल्या दातांच्या जागी लहर लांबलचक आणि सपाट होते, तिथे शून्याचा क्षण गोंगाटानुसार मागेपुढे सरकतो आणि ओळखीची खूणच पुसट होते. नवी प्रणाली बसवल्यावर इंजिन एका विशिष्ट वेगापर्यंत व्यवस्थित आणि पुढे अडखळते, अशी तक्रार असेल, तर चिप बदलण्याआधी या दोन वायरी उलटून पाहाव्यात.

गोंगाट कमी करण्यासाठी वाटेत रेझिस्टर-कपॅसिटरची गाळणी लावतात. तिच्याबाबत तारतम्य हवे. दहा किलो-ओहम आणि एक नॅनोफॅरड यांची गाळणी संकेताला सुमारे १० मायक्रोसेकंद उशीर करते. तो ६००० फेऱ्यांना ०.३६ अंश भरतो. तेवढा चालून जातो. जास्त स्वच्छतेच्या मोहाने कपॅसिटर दहापट केला, तर तोच हिशेब ३.६ अंशांवर जातो. सेल्फच्या वेळी मात्र हा उशीर जाणवतही नाही. परिणामी टेबलावर आणि आयडलवर सारे ठीक दिसते आणि गाडी रस्त्यावर धावू लागली की ताकद कुठे गेली, याचा शोध सुरू होतो. संगणकात या उशिराची भरपाई करता येते. पण त्यासाठी तो आहे, हे आधी माहीत हवे.

दोन वायरींपैकी एक अर्थला जोडायची की दोन्ही चिपपर्यंत न्यायच्या, हाही निवडीचाच भाग. एलएम १८१५ अर्थच्या तुलनेत एकच वायर पाहते. मॅक्स मालिका दोन्ही वायरींमधला फरक पाहते, त्यामुळे दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट आपोआप वजा होतो. इंजिन आणि ईसीयू यांच्यात लांब वायरिंग असेल, तर हा गुण निर्णायक ठरतो. मात्र त्यासाठी दोन्ही वायरी एकमेकींना पिळ घालून नेल्या पाहिजेत आणि वरची जाळी एकाच टोकाला अर्थ केली पाहिजे.

थंड सकाळ, थकलेली बॅटरी

निवडीची खरी परीक्षा उतरलेल्या बॅटरीवर होते. सेल्फ मारताना बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर निम्म्यावर येऊ शकते. इंजिन मंद फिरते, म्हणून सेन्सरचा संकेत दुबळा होतो आणि त्याच क्षणी चिपची स्वतःची वीजही डळमळते. मॅक्स ९९२४ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात. एलएम १८१५ दोन व्होल्टपासून काम करते. म्हणून पहिली निवडताना पाच व्होल्टचा रेग्युलेटरही तोलामोलाचा घ्यावा लागतो. तापमानाचेही तेच. ईसीयू डॅशबोर्डमागे असेल तर प्रश्न नाही. इंजिनालगत असेल, तर वाहनांसाठीच्या एईसी क्यू १०० या प्रमाणपद्धतीतली, किमान उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसची पहिली श्रेणी पाहावी. चिप मिळत राहण्याची खात्रीही हवी. २०२१ मध्ये सुट्या चिपच्या टंचाईने भारतातल्या मोटार कारखान्यांनाही उत्पादन कमी करावे लागले होते, हे विसरून चालणार नाही.

अनेक नव्या इंजिनांमध्ये हा सगळा खटाटोपच टळतो. तिथे हॉल सेन्सर असतो. त्याला तीन वायरी असतात, संकेत स्वच्छ करणारे सर्किट त्याच्या पोटातच असते आणि इंजिन जवळजवळ थांबलेले असतानाही तो दात ओळखतो. सिग्नलला थांबल्यावर आपोआप बंद होणाऱ्या मोटारींत तर क्रँकशाफ्ट थांबताना किंचित उलटा फिरतो, तोही ओळखावा लागतो. तिथे दिशा सांगणारे सेन्सर वापरतात. तरीही व्हीआर सेन्सर टिकून आहे, तो स्वस्त, उष्णतेला दाद न देणारा आणि बाहेरची वीज न मागणारा असल्यामुळे. इंजिनावर जो सेन्सर मुळातच बसवलेला आहे, तो काढून दुसरा बसवणे बहुधा चिप बदलण्यापेक्षा अवघड असते.

फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी गाडी बांधणारे अनेक संघ चाकणला तयार होणारे केटीएम ३९० चे एक सिलिंडरचे इंजिन वापरतात. स्वतःचा ईसीयू करू पाहणाऱ्या अशा संघाने चिपची यादी उघडण्याआधी ऑसिलोस्कोप काढावा. स्पार्क प्लग लावून, म्हणजे दाब कायम ठेवून, इंधन मात्र बंद करून, अर्धी उतरलेली बॅटरी जोडून सेल्फ मारावा आणि सर्वांत लहान लहर किती व्होल्टची आहे, शेजारच्या लहरीपेक्षा ती किती टक्क्यांनी खाली आहे, हे दोन आकडे टिपावेत. मग इंजिन सुरू करून वरच्या वेगातली सर्वांत मोठी लहर आणि तिच्याभोवतीचा गोंगाट मोजावा. हे चार आकडे आणि चाकावरच्या दातांची संख्या हाती असली, की वरच्या तीनपैकी निदान एक चिप आपोआप बाद होते. सर्किट बोर्ड करायला देताना गाळणीचा कपॅसिटर आणि उंबरठ्याचा रेझिस्टर यांची जागा हाताने डाग देता येईल इतकी मोठी ठेवावी. पहिल्या चाचणीनंतर हे दोन भाग बहुतेक वेळा बदलावे लागतात.